पूजेतला पाना

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आमच्या ऑफिसात आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "मॅडम, काल मी एक काम पुस्तकाप्रमाणं केलं नाही. केलंय म्हणून सही मात्र केली. आता तुम्हाला काय करायचं ते करा."

माझ्या हातात चहाचा कप होता, तो खाली ठेवायचं मी विसरले. विमानं उडायला योग्य आहेत का, त्यांची देखभाल करणारे लोक नियमानं काम करतात का, हे बघणारं एक सरकारी खातं असतं. त्यात मी तपासनीस आहे. लोकांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. आणि चुका शोधायला मला आवडतं, उगीच खोटं कशाला बोलू? घरात सगळे म्हणतात, हिला भातात खडा सापडला की सण असल्यासारखा आनंद होतो. पण एवढ्या नोकरीत एखादी चूक स्वतःच्या पायांनी चालत माझ्या टेबलापाशी आली, असं कधी झालं नव्हतं.

"आधी बसा," मी म्हटलं. "आणि पहिल्यापासून सांगा."

उस्ताद म्हणजे विमानतळाजवळच्या एका हँगरमधले सगळ्यांत जुने इंजिनिअर. तेलुगू बोलणारे असोत नाहीतर उर्दू बोलणारे, तिथं सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांचे वडील बीदरकडचं शेत भावांवर सोपवून शहरात आले, तेव्हापासून घर दिलसुखनगरला. आमचं घर नारायणगुड्याचं. आजोबा कोर्टात, वडील शाळेत, सगळा गोतावळा सरकारी नोकरीतला. आमच्या दोघांचंही मराठी एखाद्या पुणेकरानं ऐकलं तर तो कपाळाला हात लावेल. त्यांच्या बोलण्यात 'करायलो' आणि 'जायलो', माझ्या बोलण्यात वाक्यागणिक 'हौ' आणि 'नक्को'. चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, आणि मराठीत मोकळं बोलायला लागले की ताई. त्या दिवशी ते लगेचच ताईवर आले, त्यावरून मला कळलं की माणूस घाबरलाय.

गोष्ट अशी झाली होती. दसऱ्याला हँगरमध्ये आयुधपूजा असते. आमच्या शहरात गॅरेज असो, छापखाना असो, लोहाराचा भाता असो, त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून देवापुढं मांडतात. घरी आपण खंडेनवमीला विळी-सुरी मांडतो तसंच. हळद-कुंकू लागलं, झेंडू वाहिला, की संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. त्या दिवशी दुपारी एक विमान आलं, त्याचं चाक बदलायचं होतं.

विमानाचं चाक बदलणं हे तिथलं रोजचंच काम. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो. पुस्तकात लिहिलंय, चाक हातानं फिरवत ठेवायचं आणि नट आधी जास्त आवळायचा, म्हणजे आतलं बेअरिंग जागेवर बसतं. मग सैल करायचा. मग पुन्हा ठरलेल्या जोरानं आवळायचा. हा जोर मोजायला खास पाना असतो, टॉर्क रेंच. ठरलेला जोर लागला की त्यातून 'कट्' असा आवाज येतो. नट कमी आवळला तर चाक ढिलं राहतं, जास्त आवळला तर बेअरिंग तापतं. दोन्ही वाईट.

"आणि हा पाना कुठं होता?" मी विचारलं.

"पूजेत."

"मग?"

"देवापुढचा उचलायला मन धजलं नाही, ताई. साधा पाना घेतला, हाताच्या अंदाजानं आवळलं. विमान गेलं. संध्याकाळी तेच विमान परत आलं, तोवर पूजा उठली होती. काय की, मनात आलं, बघावं लावून. टॉर्क रेंच लावला तर आवाज यायच्या आधी नट अजून फिरला. म्हणजे कमीच आवळला होता की मी! लगेच सगळं पुस्तकाप्रमाणं पुन्हा केलं."

"हे कुणी बघितलं?"

"कुणीच नाही."

"मग सांगितलंत कशाला?" तपासनिसानं असा प्रश्न विचारायचा नसतो, पण माझ्या तोंडून निघून गेला.

उस्ताद माझ्याकडं जरा रागानंच बघायला लागले. "त्या विमानात माणसं बसून गेली आली ना, ताई. घरी गेलो तर जेवण उतरंना."

आमचे साहेब तेलुगू आहेत, स्वच्छ हाताचा आणि सरळ रेघेचा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "न केलेल्या कामावर सही केली. लायसन्स रद्द. तू तेवढा अहवाल लिहून दे." इंजिनिअरचं लायसन्स गेलं म्हणजे सही गेली. मग त्यानं केलेल्या कामावर दुसरा कुणीतरी सही करणार आणि हा त्याच्या हाताखाली बोल्ट आवळत बसणार. उस्तादांना निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. ज्या हँगरमध्ये निम्म्या लोकांना त्यांनीच काम शिकवलं, तिथं त्यांनी कुणाच्या तरी सहीखाली काम करायचं?

"सर, दिवाळीपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

"कशाला? कुणी केलं ते कळलं. काय केलं ते कळलं. उरलं काय?"

"का केलं ते."

"सांगितलं की त्यानं. पूजा होती."

"पूजा दरवर्षी असते, सर. विमानं पण दरवर्षी येतात."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. त्यांना वाटलं असणार, बाईला खडा सापडलाय, आता ती भाताचं पातेलं उपसल्याशिवाय राहणार नाही.

खरं तर आमच्या खात्याला 'का' हा प्रश्न सोसतच नाही. काही चुकलं की आम्ही एक फर्मान काढतो आणि एक सही वाढवतो. मागं एकदा कुठल्याशा विमानाचं एक झाकण लावायचं राहून गेलं. आम्ही लगेच हुकूम सोडला, यापुढं दुसऱ्या माणसानं झाकण बघून सही करायची. पुढच्या तपासणीला मी गेले तर दोघं चहाच्या टपरीवर शेजारी शेजारी बसून एकाच पेनानं सह्या करत होते. पहिल्याला वाटायचं दुसरा बघेल, दुसऱ्याला वाटायचं पहिल्यानं बघितलंच असेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

म्हणून या वेळी मी फाइल न घेता हँगरमध्ये गेले. माझ्या हातात फाइल नाही म्हटल्यावर लोक जास्तच घाबरले. सगळ्यांचा एकच प्रश्न, "उस्ताद का क्या हुआ, मेडम?" मी म्हटलं, अजून काही नाही, मी फक्त बघायला आलेय. एक मिशाळ टेक्निशियन होता, त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि स्पष्टच सांगितलं, "बोलने को तो भोत कुछ है. पैले उस्ताद का देखते, फिर बोलते."

ते वाक्य ऐकलं आणि मला कळलं की मी एका माणसाचा अहवाल लिहीत नाहीये. एवढ्या सगळ्यांच्या पोटात काहीतरी आहे, आणि ते बाहेर येणार की तिथंच मुरणार, ते उस्तादांच्या सहीवर ठरणार. जे अजून कुणीच सांगितलेलं नाही, ते मला कधी कळणारच नाही, ह्याची मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग मी रोज जायला लागले. एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचं, त्यांच्याबरोबर इराणी चहा प्यायचा, बघायचं. आधी सगळे माझ्यासमोर अगदी पाठ्यपुस्तकासारखे वागले. पण माणूस किती दिवस पाहुण्यासमोर वागल्यासारखं वागेल? हळूहळू रोजचं काम दिसायला लागलं.

नियम असा की प्रत्येक पायरी पुस्तकात वाचायची आणि मगच करायची. पुस्तक आता कॉम्प्युटरवर असतं, आणि तो कॉम्प्युटर हँगरच्या पार दुसऱ्या टोकाला. माणूस शिडीवर, कोपरापर्यंत ग्रीस. त्यानं प्रत्येक पायरीला खाली उतरायचं, हात पुसायचे, तिकडं जायचं, वाचायचं, परत यायचं, चढायचं? तो सकाळी एकदा वाचतो आणि बाकीचं डोक्यात घेऊन वर चढतो. मीही तेच केलं असतं. आजवर माझा ठाम समज होता की पायऱ्या गाळतो तो कामचुकार. आणि इथं बघते तर सगळ्यांत जास्त पायऱ्या गाळणारा माणूस सगळ्यांत जास्त राबणारा! काम टाळायला नाही, काम पुरं व्हायला तो पायरी गाळत होता. विमान वेळेवर सुटलं की सगळे त्याची पाठ थोपटायचे, आणि कसं सुटलं हे कुणी विचारायचं नाही.

एका गोष्टीनं तर माझं डोकंच खाल्लं. आयुधपूजेला इकडं कोहळ्यावर कापूर पेटवतात आणि मग तो फोडतात. पण हँगरमध्ये कापूर लावत नाहीत, नुसतं कुंकू भरून फोडतात. समईसुद्धा विजेची. का, तर इंधनाजवळ आग नको. हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही म्हणे. मी उस्तादांना म्हटलं, "हे बरंय तुमचं. आगीचा नियम देवापुढं पाळता, आणि पान्याचा नियम देवापायी मोडता?"

ते हसले नाहीत. मग म्हणाले, "आग दिसते, ताई. नट कमी आवळलेला दिसत नाही ना."

मला हे उत्तर फार आवडलं, पण मी ते त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तिथंच थांबले असते, आणि मला अजून पुढचं पाहिजे होतं. मी विचारलं, "खरं सांगा, याआधी कधी अंदाजानं आवळलं होतं?"

"दर दसऱ्याला."

"काय?"

"दसऱ्याला विमान आलं तर अंदाजानंच की. सगळ्यांना माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काय वाटलंच नाही कधी. विमान निघून जायचं, चार गावं फिरायचं, मग कुठं यायचं. ह्या वर्षी त्याच संध्याकाळी परत आलं म्हणून मोजलं. मागं वळून मी पहिल्यांदाच मोजलं, ताई."

मी एक चूक शोधायला आले होते, आणि ही तर रीत निघाली.

उस्तादांचा मात्र आपल्या हातावर अजून विश्वास होता. त्या दिवशी काहीतरी गडबड झाली असेल, एरवी हात चुकत नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. मला राहवेना. हँगरच्या शिकवणीच्या खोलीत एक जुनं चाक आसावर बसवून ठेवलंय, नव्या लोकांच्या सरावासाठी. तिथं काटा असलेला टॉर्क रेंच पण आहे, किती जोर लागला ते त्यावर दिसतं; पण तो सरावापुरता, विमानाला लावायची परवानगी नाही. मी म्हटलं, "चला, बघूच."

सकाळची वेळ होती. उस्तादांनी साध्या पान्यानं, डोळे मिटून आवळलं. मग काट्याचा रेंच लावला. काटा बरोब्बर जिथं पाहिजे तिथं! बघायला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "और एक बार," कुणीतरी ओरडलं. पुन्हा तेच. इतक्या दिवसांत उस्ताद पहिल्यांदा हसले, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की बोला आता! मीही हसले, काय करणार? हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

पण माझा स्वभाव वाईट. जेवणानंतर मी पुन्हा त्यांना बोलावलं. तोवर ते उन्हात एका विमानाखाली वाकून काम करत होते, शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी आवळलं, मान हलवली, म्हणाले, "झालं." काटा बराच अलीकडं थांबला. "हा रेंच बिघडलाय," ते म्हणाले. दुसरा आणला. त्याचाही काटा तिथंच. त्यांनी नट सोडवला, पुन्हा आवळला, दात-ओठ खाऊन आवळला, आणि या खेपेला काटा पलीकडं गेला.

टाळ्या वाजवणारे लोक गुपचूप पांगले. उस्ताद चाकाशेजारी खाली बसले आणि आपल्या तळहाताकडं बघायला लागले. "ताई, मला तर सकाळी आणि आत्ता सारखंच लागलं हो हाताला," ते म्हणाले. "ह्याच हातानं मी ह्या सगळ्या पोरांना शिकवलं. हाताला कळतं म्हणून सांगायचो त्यांना." त्यांचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, आग लागो माझ्या चौकसपणाला. मी जाऊन दोन चहा घेऊन आले.

आता मला 'का' कळलं होतं, पण 'मग काय करायचं' ते कळेना. पूजा बंद करा, असा हुकूम काढायचा? लोक पूजा चोरून करतील, आणि मग हत्यारं कुठं गेली तेही आम्हाला दिसणार नाही. अजून एक सही वाढवायची? तिचं काय होतं ते मी टपरीवर बघितलंच होतं. दिवाळी तोंडावर आली आणि अहवालाचा शेवटचा कागद कोराच.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईच्या लक्षात आलं की लाह्या-बत्तासे राहिलेत. "तुझं डोकं त्या विमानात, माझ्या लाह्या राहिल्या," असं म्हणत तिनं मला रिक्षात घातलं आणि आम्ही दोघी बेगम बाजारात गेलो. त्या गर्दीत धक्के खात आमच्या नेहमीच्या मारवाड्याच्या दुकानापाशी पोचलो. बघते तर गल्ल्याशेजारी त्याचा तराजू पूजेत! झेंडूची माळ, वजनांना कुंकवाची बोटं, शेजारी नव्या वह्या. माझ्या ओठांवर लगेच तेच आलं. मी चेष्टेनं म्हटलं, "सेठ, आज अंदाज से देंगे क्या?"

सेठ असा दुखावला की जणू मी त्याच्या खानदानाला शिवी दिली. "अंदाज? बेगम बाजार में?" त्यानं खाली वाकून पायाजवळून दुसरा तराजू काढला, फडक्यानं पुसला, आणि माझ्या नाकासमोर बत्तासे तोलले. "वो भगवान का है," तो म्हणाला, "ये गाहक का."

"अगं बाई!" मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की मागच्या माणसानं खिसा चाचपला.

"आता काय झालं?" आई म्हणाली.

"आई, आपण खंडेनवमीला सगळ्या विळ्या मांडतो का गं?"

"सगळ्या मांडून कसं चालेल? स्वयंपाक काय दातांनी चिरू? एक बाहेर ठेवतेच की मी." असं म्हणून ती सेठशी बत्ताशांच्या पांढरेपणावरून वाद घालायला लागली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. जन्मभर मी ती एक विळी बाहेर पडलेली बघत आले होते, आणि पंधरा-वीस दिवस हँगरमध्ये स्टूल टाकून बसले होते. देवाला सगळीच हत्यारं हवी होती असं नाही, पण हँगरमध्ये कामाचा पाना बाहेर ठेवावा हे कुणाचं कामच नव्हतं. कंपनीला वाटायचं त्या दिवशी विमान आलं तर बघू, लोकांना वाटायचं उस्ताद आहेत, आणि उस्तादांना वाटायचं आपला हात आहे.

दिवाळीनंतर साहेबांपुढं बसले. अहवालात मी लिहिलं होतं, लायसन्स रद्द करू नये. त्यांनी ते वाचलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. "आज ह्याला सोडलं तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, पूजा होती."

"सोडायचं नाहीच, सर. उस्तादांनी माझ्यासमोर पुन्हा परीक्षा द्यावी. पास होईपर्यंत सही करू नये. आणि दुपारी त्यांच्या हाताचं काय झालं, ते त्यांनी स्वतः सगळ्या हँगरला सांगावं. त्यांना ह्याहून मोठी शिक्षा मी तरी देऊ शकत नाही."

"खोटी सही ती खोटी सही."

"हौ, सर, खोटीच. पण ती आपल्याला कुणी शोधून दिली?"

ते ऐकेनात. तेव्हा मात्र माझा पारा चढला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दसऱ्याचा एक फोटो होता. हँगरच्या पूजेला दरवर्षी प्रमुख पाहुणे आमचे साहेबच असतात. फोटोत ते कोहळा हातात धरून उभे होते, मागं लांबलचक टेबल, पांढरी चादर, हत्यारांच्या रांगा. मी फोन त्यांच्यापुढं धरला आणि तो फोटो बोटांनी मोठा केला. टेबलाच्या मधोमध, सगळ्यांत मोठी माळ घातलेला, टॉर्क रेंच.

"तुम्ही तिथं होतात, सर," मी म्हटलं, आणि माझा आवाज कधी चढला ते मलाच कळलं नाही. "हँगरमधली सगळी हत्यारं देवापुढं आणि हँगर चालू. मग आज काम कशानं होणार, हे तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही? दरवर्षी जाता. तुमच्या आधीचे साहेबही जायचे. त्या टेबलासमोर उभं राहून आपल्या खात्यानं पुलिहोरा भात खाल्ला, प्रसाद घेतला, फोटो काढले. आपल्यातल्या कुणाला एकदा तरी जेवण उतरलं नाही असं झालं का?"

झालं, मी मनात म्हटलं, आता माझी बदली. साहेबांनी चष्मा काढला, फोन जवळ घेतला, लांब धरला. ते म्हणाले, "मला वाटलं, मांडणी छान केलीय."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. माझा सगळा राग त्यातच विरघळला. साहेबांनी कागद पुन्हा ओढून घेतला. "लपवील त्याला ही सवलत नाही," ते म्हणाले. "आणि हाच माणूस दुसऱ्यांदा असं करील तर त्यालाही नाही."

"मान्य, सर."

"आणि पूजेच्या दिवशी कामाचा एक संच बाहेर. नसेल तर त्या दिवशी विमान घ्यायचं नाही. तो कॉम्प्युटर विमानाजवळ आणायला सांग, लोक एवढं चालतात कशाला?" मग त्यांनी माझ्या वाक्याखाली सावकाश सही केली.

उस्तादांना मी फोन करून साहेबांचा निर्णय सांगितला. ते म्हणाले, "सही टिकली, ताई?"

"टिकली. पण परीक्षा आहे, आणि मी सोडणार नाही हं."

"नका सोडू. देतो की परीक्षा," ते म्हणाले, आणि मग ते रडताहेत हे मला ऐकू आलं. त्यांनी परीक्षा दिली, पासही झाले. सगळ्या हँगरसमोर उभं राहून दुपारच्या हाताची गोष्टही सांगितली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो मिशाळ टेक्निशियन माझ्या टेबलापाशी येऊन बसला. "उस्ताद का देखे, मेडम," तो म्हणाला. "अब बोलता." तो शिडीबद्दल बोलला, टॉर्चबद्दल बोलला, एका पायरीबद्दल बोलला जी तिथं कुणीच कधी करत नव्हतं. मग दुसरा आला, मग तिसरा. मी ऐकत गेले, आणि बाई गं, माझ्या अंगावर काटा येत गेला. हे सगळं आधीही होतंच की! आमच्या नोंदींत त्या वर्षी चुका एकदम वाढल्या, आणि वरून साहेबांना विचारणा आली की तुमच्याकडं कारभार एवढा कसा बिघडला. साहेब बिचारे उत्तरं लिहीत बसायचे.

पुढच्या दसऱ्याला मी पहिल्यांदा हँगरच्या पूजेला गेले. तेच टेबल, तीच पांढरी चादर, झेंडूच्या माळा, विजेची समई. हँगरमध्ये हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढलेली असते, म्हणजे एखादं जागेवर नसलं तर लगेच कळतं. लोकांनी टेबलाच्या मधोमध तसंच केलं होतं. चादरीवर रांगोळीनं टॉर्क रेंचची रेघ काढली होती, आतली जागा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेत कुंकवाचं बोट आणि एक फूल.

प्रमुख पाहुणे आमचे साहेबच. त्यांच्या हातात कुंकू भरलेला कोहळा दिला, फोटो काढणारा समोर सरसावला. साहेबांनी कोहळा वर उचलला, आणि थांबले. टेबलाकडं वळून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही जागा रिकामी का? पाना कुठं आहे?"

सगळ्या माना मागं वळल्या. उस्ताद पूजेच्या घोळक्यात नव्हतेच. दाराशी एक विमान उभं होतं, त्याच्या चाकाजवळ ते गुडघ्यावर बसले होते. वर न बघताच त्यांनी तिथूनच सांगितलं.

"कामावर आहे, साहेब."

साहेब कोहळा तसाच धरून उभे राहिले. 'कट्' असा आवाज आला, आणि मग त्यांनी तो फोडला.